व्यवस्थापकाने कोणाला विचारायचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरच्या लेखांत डॉक्टर, समुपदेशक, रुग्ण, नातेवाईक सगळे भेटतात. दवाखाना चालवणारा व्यवस्थापक मात्र सहसा भेटत नाही. मी हेच काम करते, आणि व्यवस्थापकालाही मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, मिळावा म्हणून लिहिते आहे.

समुपदेशकांना सुपरव्हिजन असते. अवघड केस घेऊन ज्येष्ठांकडे जाण्याची हक्काची वेळ असते. व्यवस्थापकाला तशी सोय नसते. कोणी हिशेब विभागातून आलेले असते, कोणाला उत्तम समुपदेशक म्हणून बढती मिळालेली असते. काम निम्मेच ठाऊक असते आणि उरलेले अंगावर पडेल तसे शिकायचे.

एक उदाहरण देते. फोन येतो, ‘माझी मुलगी तुमच्याकडे येते का?’ मुलगी सज्ञान. ‘हो’ म्हटले तर गोपनीयता मोडते. न येणाऱ्यांबद्दल ‘नाही’ म्हणायची सवय असेल, तर येणाऱ्यांबद्दलचे मौनच ‘हो’ ठरते. म्हणून रिसेप्शनवरून प्रत्येकाला एकच उत्तर जायला हवे : ‘इथे कोण येते हे आम्ही कोणालाच सांगत नाही, पण तुम्हाला काही सांगायचे असेल तर ऐकून घेतो.’ हे उत्तर मला एका ज्येष्ठ व्यवस्थापिकेने दिले. उत्तराचा दुसरा भाग गाळू नकोस, असे त्यांनी बजावले होते, कारण घाबरलेल्या आईला नुसता नियम ऐकवून फोन ठेवता येत नाही.

रुग्णाच्या आत्महत्येची बातमी येते, ती सकाळ तर फार कठीण. समुपदेशकाच्या त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट कोण घेणार, कुटुंबाशी कोण बोलणार, फाइलमध्ये आता कोणी मागाहून काही लिहिणार नाही हे कोण पाहणार? आणि जिने त्याला पुढची तारीख दिली होती, ती रिसेप्शनवरची मुलगी? तिची आठवण बहुधा कोणालाच होत नाही. सगळे व्यवस्थापकाकडे बघतात. त्या वेळी, यातून गेलेल्या एखाद्या माणसाला फोन करता यायला हवा.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये बर्नआउटविषयी, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याविषयी, लिहिले, ते मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांना पाहून. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही. कामावरचा ताण नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम मानते. समुपदेशकाने दिवसाला किती रुग्ण पाहायचे, मधे मोकळा वेळ किती, रजा कधी, हे ठरवणाऱ्यालाच कोणी शिकवले नसेल, तर तो ताण हाताळणार कोण?

दोन दिवसांच्या कार्यशाळेने हे होत नाही. मेंटॉर दुसऱ्या संस्थेतला आणि स्वतः दवाखाना चालवलेला असावा. आपल्या वार्षिक मूल्यमापनाशी त्याचा काडीचा संबंध नसावा, नाहीतर खरे कोणी बोलणार नाही. भेट कामाच्या वेळेत, ठरलेल्या दिवशी, निदान वर्षभर व्हावी, आणि रुग्णाचे नाव-गाव त्या खोलीत निघू नये. मेंटॉरचाही वेळ कामात धरावा. भिडेखातर चाललेले उपक्रम दोन-तीन भेटींत बंद पडतात.

छोट्या दवाखान्यांना स्वतंत्र योजना परवडत नसेल, तर त्यांनी एकत्र येऊन ती चालवावी. निवृत्त व्यवस्थापकांनाही बोलवावे. मी ज्यांना ओळखते, त्यांतले बरेच जण आनंदाने येतील.

आपली,
एका मानसोपचार दवाखान्याची व्यवस्थापक