दोर कधी बदलला, ते तिकीट खिडकीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला बर्फातल्या सहलींवरचा लेख वाचला. स्की, हॉटेलं, गरम मॅगी, सगळं त्यात आलं. रोपवेच्या ज्या पाळण्यात बसून वर जायचं त्याचं वय किती, तेवढं राहिलं.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मेंटेनन्सला होतो. वितळलेल्या लोखंडाची लॅडल, म्हणजे भली मोठी बादली, क्रेनला लटकलेली असायची आणि खाली माणसं. क्रेन बंद करून तिच्या तारांच्या दोरावरून चिंधी फिरवायची. चिंधी अडकली की तिथं तार तुटलेली. किती तुटल्यात ते मोजायचं, मर्यादेबाहेर गेल्या की दोर उतरवायचा. मालकानं कितीही तोंड वाकडं केलं तरी.

काही वर्षांपूर्वी लेक-जावयाबरोबर उत्तरेत एका बर्फाच्या ठिकाणी गेलो होतो. तिथली दोन माणसांची चेअरलिफ्ट, म्हणजे दोराला लटकलेल्या उघड्या खुर्च्या, जुनी, पण पिवळा रंग अगदी ताजा. खांबावरच्या पुलींचं रबर झिजून धातू उघडा पडला होता. खुर्ची खालून गेली की खडखड थेट दातात. चालवणाऱ्याला विचारलं, दोर कधी घातलाय? ‘अंकल, रोज चलती है.’ जावई म्हणाले, ‘मामा, बसा गप, माणसं बघाय लागलीत.’ बसलो. उतरताना मात्र चालत आलो, गुडघ्यांनी दोन दिवस वसूल केलं.

वायर रोप बाहेरून चकाकतो आणि आतल्या तारा तुटत असतात, म्हणून चुंबकीय तपासणी लागते. साध्या चेअरलिफ्टमध्ये खुर्चीची पकड दोरावर एकाच जागी आवळलेली असते. ती ठरावीक काळानं सरकवली नाही तर दोर तिथंच खचतो. भाग बदलत राहिलं तर अशी यंत्रं अनेक दशकं चालतात, हे खरं. पण पुढं भाग मिळेनासे होतात. तेव्हा ‘आता बस’ कुणी म्हणायचं?

उत्तराखंडातल्या औलीचा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये थांबला, तो वय झालं म्हणून नव्हे, जोशीमठच्या जमिनीला तडे गेले म्हणून. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातल्या देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर माणसं दोन रात्री पाळण्यात लटकली आणि तिघांचा जीव गेला. आपण तरी कुठं शहाणे? शिवाजी पुलाचा पर्यायी पूल किती वर्षं अर्धवट राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलावरून मिनी बस पंचगंगेत कोसळली, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आपल्याकडंही जोतिबा-पन्हाळा रोपवेची चर्चा अधूनमधून निघते. व्हावा, म्हाताऱ्या माणसांची सोय होईल. पण दोर किती वर्षांनी बदलणार, पैसे कोण भरणार आणि अख्खा रोपवे कोणत्या साली मोडीत काढणार, हे निविदेतच लिहून घ्या. आणि तिकीट खिडकीवर दरांच्या खाली दोराची तारीख आणि शेवटच्या तपासणीची तारीख रंगवा. दर वाढले की पाटी रंगवतातच की.

– निवृत्त फौंड्री कामगार, कोल्हापूर