भिंतीपलीकडची रोजरी

प्रिय बाळ्या,

चार महिने तुझ्या मेसेजना नुसते अंगठे पाठवले, माफ कर. आम्ही सगळे बरे, आईचा गुडघा तसाच. लिहायला बसलोय ते काल रात्रीमुळे. बायकोला सांगून बघितलं, पण आपण दोघं त्या बावखलात, आपल्या त्या तळ्यात, पोहायला शिकलो हे तिने पाहिलेलं नाही ना, त्यामुळे तिला अर्धंच कळलं.

थोरल्या भावाने बावखल भरलं. तुला फोनवर सांगितलं नव्हतं, सांगताना आवाज चढला असता. सातबारावर दोघांची नावं, तरी मला न विचारता अकरा डंपर माती टाकली, मी मागच्या पडवीत उभा राहून मोजले. त्या बावखलाच्या पाण्यावर पपांनी केळी, पानवेल सगळं जगवलं. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद आहे, दोन घरांत एकच भिंत असून.

राखेच्या बुधवारी ठरवलं की ईस्टरआधीच्या या उपवासकाळात रोज पूर्ण रोजरी म्हणायची, माळेच्या दहा-दहा मण्यांची पाचही दशकं, आणि घाईने नाही, दुःखाच्या रहस्यांवर, म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाच्या पाच प्रसंगांवर, थांबून. मोबाईल आतल्या खोलीत ठेवतो, आजीची लाकडी माळ घेतो आणि पडवीत बसतो. पहिला आठवडा बरा गेला. पहिल्या रहस्यात गेथशेमनीच्या बागेत शिष्य झोपलेत आणि प्रभू एकटा आहे, हे लहानपणापासून हजारदा म्हटलंय, पण या वेळी पहिल्यांदा त्या जागी थांबलो असं वाटलं. दहा मणी कधी संपले कळलंच नाही.

तुला आठवतं, बारावीला तू म्हणालास की पन्नास वेळा तेच तेच नमो मरिया म्हणजे पोपटपंची, आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो. शब्द तेच असतात म्हणूनच त्यांच्याकडे बघावं लागत नाही, मन मागच्या चित्राकडे जातं. वल्हं मारताना हाताकडे कोण बघतं? हे तुला पटणार नाही, पण तुझं ऐकून घेणार नाही. शुक्रवारी मटण सोडून ताटभर पापलेट खाणारा तू, आणि वर त्याला उपवास म्हणायचास!

तर अडलं कुठे, नमो मरियावर नाही, 'स्वर्गातील बापा' या प्रार्थनेवर अडलं. एका रोजरीत ती सहा वेळा येते, सुरुवातीला एकदा आणि मग प्रत्येक दशकाला. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो'. दुसऱ्या आठवड्यात तिथे जीभ अडली. मी केलेली नाही क्षमा, मग रोज सहा वेळा देवासमोर खोटं बोलू? फादरांना विचारलं, ते म्हणाले म्हणत राहा, म्हणता म्हणता होईल. मला ते पुरलं नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे की वेदीपुढे दान ठेव आणि आधी भावाशी समेट कर. पण समेट करून माती उपसली जाणार आहे का?

आजी असती तर तिला विचारलं असतं. पण ती काय म्हणाली असती कुणास ठाऊक. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोजरीत प्रकाशाची पाच नवी रहस्यं घातली तेव्हा ती कशी रागावली होती! बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांचे दीडशे नमो मरिया होते, आता हिशोब मोडला म्हणे. आणि पुढच्याच गुरुवारी, त्या रहस्यांच्या ठरलेल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी तीच ती म्हणत होती.

काल शुक्रवार. लाईट गेले, पंखे बंद, त्यामुळे पलीकडचं स्पष्ट ऐकू येत होतं. थोरला त्याच्या पडवीत रोजरी सांगत होता, एकटाच, पोरं बाहेर असावीत. तिसरं रहस्य, काट्यांचा मुकुट. आवाज अगदी पपांचा. आपल्या घरी पपा अर्धं म्हणायचे आणि आपण सगळ्यांनी उत्तर द्यायचं, तू जेवायला आलेला असायचास तेव्हा तूही. त्याने नमो मरियाचं पहिलं अर्धं म्हटलं आणि माझ्या तोंडून 'पवित्र मरिये' निघून गेलं, मोठ्याने. तो गप्प झाला. बराच वेळ. मला वाटलं उठून आत गेला. मग त्याने पुढचा मणी म्हटला, आणि अर्ध्यावर थांबला. उत्तरासाठी थांबला, बाळ्या! शेवटपर्यंत आम्ही तसंच म्हटलं, भिंतीच्या दोन बाजूंनी. स्वर्गातील बापा आला तेव्हा ते वाक्य माझ्या वाट्याच्या अर्ध्यात होतं, मी म्हटलं. खरं होतं का ते अजून सांगता येत नाही. संपल्यावर दोघंही एक शब्द न बोलता झोपायला गेलो.

तुझं नवीन घर कसं आहे? पोरीच्या दाताचं काय झालं? तिकडची थंडी संपली असेल, वहिनीला नमस्कार सांग.

एक काम कर. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी थोरल्याला फोन कर, तुझं तो ऐकतो, पण बावखलाचा विषय तू काढू नकोस, त्याला काढू दे. आज शनिवार, म्हणजे तो आनंदाची रहस्यं घेणार. मी राखेच्या बुधवारपासून दुःखाचीच धरून बसलोय. आठ वाजत आलेत, माळ घेतो.

तुझाच