‘प्रतिकारशक्ती वाढवा’, पण कोणती पेशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत काढ्यांवर पानभर मजकूर आला आहे. काढ्याला माझा विरोध नाही, सर्दीत घशाला बरे वाटते. आक्षेप आहे तो ‘प्रतिकारशक्ती दुप्पट करा’ या मथळ्याला. माझी सगळी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघण्यात गेली. प्रतिकारशक्ती नावाची एकच एक गोष्ट त्या काचेवर कधीच दिसत नाही. दिसतात त्या निरनिराळ्या पेशी, आणि त्यातली कोणती किती वाढली यावर डॉक्टर पुढचे औषध ठरवतात.

रिपोर्ट हातात पडला की लोक हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघतात, मधल्या ओळी कोणी वाचत नाही. एका आईने मात्र वाचल्या होत्या. मुलाच्या मांडीवर मोठे गळू होते, अंगात ताप होता, आणि पांढऱ्या पेशी 18,000 आल्या होत्या. (मोठ्या माणसात साधारण 4,000 ते 11,000 असतात.) तिने मला विचारले, “मॅडम, पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे पोराची ताकद वाढली ना?” आपला मथळा वाचून आजही कोणी हेच विचारेल. त्या मुलाच्या रक्तात वाढल्या होत्या न्यूट्रोफिल. जंतू शिरला की सर्वांत आधी याच पेशी तिथे पोचतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. गळू फुटल्यावर येणारा पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलच. आकडा वाढला याचा अर्थ आत झुंज चालू आहे, एवढाच.

आमच्या भागात सगळ्यांत जास्त बोलायला हवे ते इओसिनोफिलबद्दल. लिशमन रंग दिलेल्या काचेवर ही पेशी ओळखायला सर्वांत सोपी: दोन पाळ्यांचे केंद्रक आणि भोवती गच्च भरलेले केशरी-लाल कण. निरोगी माणसात शंभर पांढऱ्या पेशींमागे एक ते सहा सापडतात. जंत आणि ॲलर्जी यांत त्या वाढतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग आहे. त्याचे सूक्ष्म कृमी रक्तात रात्री येतात, म्हणून आम्ही सर्वेक्षणाला रात्रीच गावात जायचो आणि झोपेतून उठवून बोटाचे रक्त घ्यायचो. पण काही रुग्ण वेगळेच असायचे. रात्रभर खोकला, दम्यासारखी धाप, वजन उतरलेले, काचेवर निम्म्याहून जास्त इओसिनोफिल, आणि कृमी मात्र एकही नाही! कारण या माणसांचे शरीर कृमींवर इतके तुटून पडते की ते रक्तात टिकतच नाहीत, फुप्फुसातच अडकून मारले जातात. त्या माऱ्यात फुप्फुसही सुजते. उपचार झाला नाही तर ते कायमचे निकामी होत जाते. हत्तीरोगावरच्याच डीईसी या औषधाच्या गोळ्यांनी हे रुग्ण बरे होतात, पण आधी कोणीतरी इओसिनोफिल मोजायला हव्यात. त्यांची प्रतिकारशक्ती दुप्पट करा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

इथे एक जाता जाता. अनेक छोट्या लॅबमधली यंत्रे पांढऱ्या पेशींचे तीनच गट करतात. मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल एकाच ‘मिड’ आकड्यात जातात. तो आकडा वाढलेला दिसला तर काच रंगवून डोळ्याने बघितलीच पाहिजे. वेळ नाही ही सबब मला मान्य नाही.

मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून अवयवात शिरली की तिची मॅक्रोफेज होते. क्षयरोगाचा जंतू या मॅक्रोफेजच्या पोटातच तग धरून राहतो. त्याला मारायला तिला मदतनीस टी पेशीचा, म्हणजे आणखी एका पांढऱ्या पेशीचा, इशारा लागतो. एचआयव्ही नेमक्या याच टी पेशी संपवतो, म्हणून एचआयव्हीच्या रुग्णाला क्षयरोग इतक्या सहज गाठतो. एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीचे औषध मिळते) मोजतात त्या सीडी4 पेशी याच. साध्या काचेवर टी पेशी आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशी एकसारख्याच दिसतात, दोन्हींची नोंद ‘लिम्फोसाइट’ अशीच होते.

आणि या सगळ्यांना आवर घालणाऱ्या पेशीही शरीरातच आहेत. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंकाओ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना याच संशोधनासाठी मिळाले. साकागुची यांनी 1995 मध्ये या आवर घालणाऱ्या, म्हणजे नियंत्रक टी पेशी दाखवून दिल्या. फॉक्सपी3 हे जनुक बिघडले की त्या पेशी नीट घडत नाहीत, आणि तान्ह्या बाळाचे शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर, स्वादुपिंडावर तुटून पडते. आमवात आणि सोरायसिसमध्येही शरीर स्वतःवरच उलटलेले असते. एवढे मोठे संशोधन नावाजले जात असताना आपल्या पुरवणीत अजून फक्त ‘वाढवा, वाढवा’ चालू आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एखाद्या पेशीला खरोखर बळ देता येते, नाही असे नाही. लस हेच करते, ठरावीक जंतूची ओळख बी आणि टी पेशींना करून देते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली कार-टी उपचारपद्धती एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. तिच्यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, रक्ताच्या काही कर्करोगांवर सोडतात. तिथेही या पेशी फार खवळल्या तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टर त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

माझी विनंती अशी. पुरवणीत ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असा दावा छापण्याआधी लेखकाला विचारा की कोणती पेशी, किती वाढते आणि ते कोणत्या तपासणीत दिसले. उत्तर नसेल तर छापू नका. आणि दुसरे तातडीचे. मूत्रपिंड बदललेला रुग्ण टॅक्रोलिमस घेतो, आमवाताचा रुग्ण मेथोट्रेक्सेट घेतो, ते प्रतिकारशक्ती आवरण्यासाठीच. हे रुग्णही आपला पेपर वाचतात. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुरवणीतले काढे घेऊ नयेत, ही ओळ पुढच्या रविवारी ठळक टाइपात, पहिल्याच पानावर द्यावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
चंद्रपूर