अव्या, ब्लॉग बंद करू नकोस

दादर, मुंबई

प्रिय अव्या,

काल फोनवर तू तुझा मासळीचा ब्लॉग बंद करण्याचा विषय काढलास आणि तेवढ्यात तुला दुसरा फोन आला. माझं म्हणणं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. ‘हल्ली ब्लॉग वाचतंय कोण? रील टाकली की संध्याकाळपर्यंत शेकड्यांनी लोक बघतात,’ असं तू म्हणालास. बघत असतील. पण सहा महिन्यांनी कुणाला तीच रील हवी झाली, तर त्याने ती शोधायची कुठे?

माझी भाची बेंगळुरूला असते. परवा तिला पहिल्यांदाच ओले बोंबील करायचे होते. तिने गूगलवर मराठीत शोधलं आणि तुझंच पान समोर आलं. साफ केल्यावर फडक्यात गुंडाळायचे, वर पोळपाट, त्यावर वजन, आणि पाणी निघून गेल्याशिवाय रव्याला हात लावायचा नाही, हे सगळं तुझ्या लेखातून वाचून तिने केलं आणि तळलेल्या बोंबलांचा फोटो मला धाडला. लिहिणारा आपला अव्यामामा आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. तू लिहिलंस तेव्हा ती शाळेत होती रे! आणि वाचायला तिला कुठे खातं उघडावं लागलं नाही, तुझा फोन नंबर शोधावा लागला नाही. वेबची सगळी थोरवी मला यातच दिसते.

टिम बर्नर्स-लीने १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. त्यामुळेच तुझ्या-माझ्यासारख्यांना कुणाची परवानगी न मागता पान टाकता आलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तरी मराठीचं घोडं पुढे बरीच वर्षं अडलेलं होतं. सायबर कॅफेत आपण शिवाजी फॉन्टमध्ये मजकूर टाइप करायचो आणि ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, त्याला नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळल्यावर कुठे मराठी लिहिलेलं मराठीतच शोधता यायला लागलं. इतक्या खटाटोपाने उघड्यावर आलेलं आपलं लिखाण पुन्हा एखाद्या अ‍ॅपच्या पोटात घालायचं, हे मला पटत नाही.

आमच्या इमारतीतच बघ. जिन्याखाली काचेची पेटी आहे, तिच्यात पूर्वी टाकी धुण्याची नोटीस लागायची. आता ती फक्त ग्रुपवर पडते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे साधा बटणांचा फोन आहे. गेल्या महिन्यात दिवसभर पाणी बंद होतं आणि त्या सकाळी रिकामी बादली घेऊन आमच्या दारात उभ्या! मला फार वाईट वाटलं. मी मीटिंगमध्ये हट्टाने सांगितलं की ग्रुपवर टाका, पण पेटीतही लावा. ग्रुपवरची सोसायटीची जुनी पत्रं तर फोन बदलला की गेलीच.

मी फोनच्या विरोधात नाही, हे तुला ठाऊक आहे. यूपीआयचं मला मनापासून कौतुक आहे. २०१६ मध्ये आपल्या मुंबईच्याच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने (एनपीसीआय) ते आणलं. बाजारातल्या कोळीणमावशी हात मासळीत असतानाच डब्यातून ‘दोनशे रुपये प्राप्त’ ऐकतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. त्यांच्या क्यूआरवर माझं अ‍ॅप कुठलं, बँक कुठली, याने काही अडत नाही. पैशांच्या बाबतीत हे जमलं, मग शब्दांच्या बाबतीत आपण एकेका कंपनीच्या कुंपणात का जाऊन बसायचं?

आता तर शोधलं की वरच एआयने तयार केलेलं उत्तर येतं आणि खालच्या पानांवर कुणी उतरतही नाही. तुझी निराशा त्यातून आली असेल, आणि ती रास्त आहे. पण माणसांनी उघड्यावर लिहायचं सोडलं, तर ती उत्तरं तरी कशावरून तयार होणार? दर्याकाठच्या माणसाने सांगितलेली मासळी कुठून येणार?

एक काळजी मात्र मलाही आहे. २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती, असं प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिलं. म्हणून नुसता ब्लॉग चालू ठेवून भागणार नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानाचा पत्ता टाकला की त्याची प्रत जतन करता येते. आधी सुकटीचे आणि कालवांचे लेख घे, तसं तपशिलात मराठीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि सगळा मजकूर उतरवून एक फाइल मलाही मेल कर, इथे हार्ड डिस्कवर ठेवतो.

रील खुशाल कर, फक्त तिच्याखाली लेखाचा पत्ता देत जा. वहिनींना नमस्कार. भाचीला आता मांदेली करायची आहेत आणि तुझ्या ब्लॉगवर ती नाहीत, तेवढं लिही.

तुझा,
नंदू