काकांस, जुलैच्या वहीबद्दल

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

आभार मानायला मी फोन केला असता, तर ‘बरं, बरं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता आणि भस्म्याचे, म्हणजे आमच्या चिंचिला या दाट लोकरीच्या, कुरतडणाऱ्या छोट्या प्राण्याचे, वजन किती भरले ते विचारले असते. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते उघड लिहिण्याला कारणही आहे. गेल्या दोन महिन्यांत इथल्या तीन मराठी कुटुंबांनी मला ‘मुलांसाठी चिंचिला घ्यावा म्हणतो, कसे करायचे?’ असे विचारले. तिघांनाही मी जे सांगितले ते शब्दशः तुमचे होते आणि तिघांनीही ते माझे ज्ञान समजून माझे कौतुक केले. हा हिशेब ज्याचा त्याच्या नावावर लागायला हवा.

तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी तुम्हाला पहिल्यांदा गाठले, तेव्हा मिशिगनच्या आमच्या गावातील एका दुकानात पाहिलेल्या पांढऱ्या पिल्लाचे छायाचित्र माझ्या फोनमध्ये होते आणि लेकीने त्याचे नावही ठरवून टाकले होते. तीस वर्षे तळघरात चिंचिला पाळणारा, त्यांना प्रदर्शनांत नेणारा माणूस आपल्याच मंडळात आहे हे कळल्यावर मला वाटले, आता पिंजरा कुठून घ्यायचा एवढेच विचारायचे राहिले. तुम्ही छायाचित्र मोठे करून पाहिले, पिल्लाच्या हनुवटीखालचे केस ओले दिसतात असे म्हणालात, आणि मग विचारलेत, ‘जुलैमध्ये दुपारी दोन वाजता तुमच्या घरात किती तापमान असते?’ मला सांगता आले नाही. ‘मग जुलै होऊ दे’ असे म्हणून तुम्ही तिळगुळाची वाटी पुढे केलीत.

खरे सांगते, मला राग आला होता. सोलापुरात ४२ अंशांत वाढलेल्या बाईला कोणी मिशिगनच्या उन्हाळ्याची भीती घालावी, हे मला हास्यास्पद वाटले. तरीही जुलैभर मी लेकीच्या खोलीत तापमापक आणि आर्द्रतामापक ठेवून वहीत आकडे लिहिले, कारण तसे केल्याशिवाय तुम्ही पुढचे काही सांगणार नव्हता. कामावर जाताना आम्ही एसी बंद करत असू. पहिल्याच आठवड्यात दुपारचा आकडा ८१ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअस, आणि आर्द्रता ७२ टक्के अशी नोंद झाली. पाळणाऱ्यांमध्ये वापरला जाणारा तो सोपा हिशेब तुम्ही तेव्हा शिकवलात: फॅरनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज दीडशेच्या खाली राहिली पाहिजे. माझी बेरीज १५३ होती. ज्या खोलीत माझी मुलगी निवांत झोपत होती, तिथे तो प्राणी उष्माघाताने मरू शकला असता.

कारण समजावताना तुम्ही घाई केली नाहीत. चिलीतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर राहणारा हा जीव. आपल्या डोक्यावर केसाच्या एका छिद्रातून एखाददुसरा केस उगवतो, तर याच्या अंगावर तिथून साठाच्या आसपास केसांचा झुपका निघतो. इतक्या दाट लोकरीत पिसवांनाही शिरकाव करणे अवघड जाते आणि अंगाची उष्णताही बाहेर पडत नाही. त्याला घाम येत नाही. उष्णता सोडायला मोठे पातळ कान तेवढे आहेत, आणि ते लालबुंद दिसू लागले म्हणजे वेळ फार उरलेला नसतो. पाण्याने अंघोळ घातली तर ती लोकर आतून वाळत नाही, म्हणून डोंगरावर तो ज्वालामुखीच्या राखेसारख्या बारीक धुळीत लोळतो आणि घरी आपण त्याला तशाच भुकटीचे भांडे देतो. हे सगळे मी नंतर इतर ठिकाणीही वाचले, पण आधी माझ्या वहीतला आकडा दाखवून मग कारण सांगण्याची तुमची पद्धत कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती.

आम्ही तळघराचा कोपरा तयार केला, आर्द्रता शोषणारे यंत्र बसवले, आणि ऑक्टोबरमध्ये तुम्ही मला प्राणी दिलात. तो पांढरा नव्हता, पिल्लूही नव्हता. दोन वर्षांचा, साधा करडा नर, ज्याला प्रदर्शनाच्या भाषेत ‘स्टँडर्ड’ म्हणतात. लेकीचा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिलात आणि तिलाच त्याचे दात दाखवलेत. पुढचे दात पिवळट नारिंगी असले तर ते निरोगी समजायचे, पांढरे पडले तर काळजी करायची, हे ऐकून रोज दात पांढरे घासण्याच्या सक्तीला कंटाळलेली माझी मुलगी एकदम त्याच्या बाजूची झाली. वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला दिवसरात्र सुके टिमथी गवत चघळावे लागते, दातांची ठेवण बिघडली की लाळ गळून हनुवटी ओली राहते, आणि तो दोष पुष्कळदा वंशातून येतो, हे सगळे त्याच बैठकीत झाले. दुकानातल्या त्या ओल्या हनुवटीचा अर्थ मला तेव्हा लागला. त्याच दुकानाने आम्हाला प्लॅस्टिकचे मजले असलेला पिंजरा आणि रंगीबेरंगी खाऊची पिशवी देऊ केली होती. दोन्ही गोष्टी तुम्ही कचऱ्यात जमा केल्या असत्या.

भस्म्या हे नाव तुम्हीच सुचवलेत, कारण तो राखेत लोळतो आणि दिवसभर खातो. माझ्या आईला मात्र अजून पटलेले नाही. ‘सोलापुरात घुशी काय कमी होत्या, की तू पैसे मोजून एक आणलीस?’ असे ती दर रविवारी विचारते.

माझी एक चूक इथे लिहायलाच हवी. पहिल्या प्रदर्शनासाठी नाव दिले होते आणि तीन आठवडे उरले असताना भस्म्या खोलीत मोकळा सुटला. कपाटामागे शिरताना मी त्याला पाठीवर घट्ट धरले, तर तो निसटला आणि माझ्या मुठीत करड्या केसांचा पुंजका राहिला. पाल शेपूट टाकून पळते तसा हा केस टाकून पळतो, हे मला तुम्ही सांगितले होते; हातांनी ते ऐकले नव्हते. केस पुन्हा भरून यायला महिने लागतात. मी रडवेल्या आवाजात फोन केला तेव्हा तुम्ही विचारलेत, ‘त्याला लागले नाही ना?’ आणि मग म्हणालात, ‘छान, आता तू प्राणी न घेता प्रदर्शन बघशील. तेच आधी करायला हवे होते.’

मार्चमधल्या त्या पहाटे बर्फातून ओहायोला जाताना, हीटर जवळजवळ बंद ठेवलेल्या गाडीत, मागच्या पिंजऱ्यांना सुखाचा असलेला गारठा सोसत, तुम्ही मला मॅथायस चॅपमनची गोष्ट सांगितलीत. चिलीतील तांब्याच्या खाणीवर काम करणारा हा अमेरिकन अभियंता. कातडीसाठी झालेल्या शिकारीने हा प्राणी तोवर डोंगरातून जवळपास नाहीसा झाला होता, आणि चॅपमनच्या माणसांना काही वर्षे शोधून जेमतेम अकरा चांगले प्राणी मिळाले. उंचावरून त्यांना एकदम खाली न आणता टप्प्याटप्प्याने उतरवत, प्रवासात बर्फाने पिंजरे थंड ठेवत, त्याने ते १९२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पोहोचवले. आज अमेरिकेत पाळले जाणारे बहुतेक सगळे चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. ‘तापमान सांभाळणे हीच या धंद्याची पहिली पायरी, तेव्हाही आणि आताही,’ असे तुम्ही म्हणालात, आणि जुलैची वही मला एकदम मोठी वाटू लागली.

प्रदर्शन म्हणजे मला गजबज, टाळ्या असे काही वाटले होते. प्रत्यक्षात ते एक शांत सभागृह होते. एकसारखे छोटे जाळीचे पिंजरे, त्यांवर मालकाच्या नावाऐवजी क्रमांक, आणि दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश टाकणाऱ्या नळ्यांखाली लांब टेबल. परीक्षक एकेका गटाचे प्राणी शेजारी शेजारी ठेवून पाहत होते, मधूनच केसांवर फुंकर घालून आतला थर उघडत होते. मला सगळे करडे सारखेच दिसत होते. तेव्हा तुम्ही जे म्हणालात त्याने माझे डोळे उघडले: ‘साडी घेताना तू ती दुकानाच्या दारात उजेडात नेतेस ना? दोन काळ्या साड्या शेजारी धरल्या की एक तांबूस निघते. तसेच बघ.’ त्यानंतर मला दिसू लागले, की एका करड्यात निळसर झाक आहे आणि दुसऱ्यावर जुन्या कागदासारखी पिवळट छटा चढली आहे. एकाचे पोट शुभ्र आहे, दुसऱ्याचे मळकट. एकाची मान आखूड आणि खांदे भरलेले आहेत, तर दुसरा निमुळता. आणि मानेकडून शेपटीकडे सरकत येणाऱ्या नव्या लोकरीची रेघ कमरेवर अडलेली असली, तर चांगला प्राणीही त्या दिवशी मागे पडतो. साधा करडाच आधी का दिलात, हेही तिथेच कळले. ज्याला करड्यातली निळाई दिसत नाही, त्याला बेज, व्हायलेट किंवा सफायर या चिंचिलाच्या इतर रंगांतले काय दिसणार?

परतताना मी एक अप्रिय प्रश्न विचारला. दाटपणा, लांबी, रंगाची स्वच्छता या सगळ्या कसोट्या शेवटी कातड्याच्या कोटासाठी ठरलेल्या ना? तुम्ही ‘हो’ म्हणालात. तळघरातल्या पैदाशीची सुरुवात कातड्यासाठीच झाली, प्रदर्शनेही त्यातूनच आली, आणि तुम्ही स्वतः पहिली जोडी ज्या शेजाऱ्याकडून घेतलीत तोही कातडी विकत असे. तुम्ही ते झाकले नाही, समर्थनही केले नाही. मी अजूनही त्या टेबलापाशी उभी राहते तेव्हा हे मनात असते आणि असावे असेच मला वाटते. पण तुमच्या जागी दुसरा असता तर मला गोड काहीतरी सांगून गप्प केले असते, म्हणून त्या ‘हो’बद्दल वेगळे आभार.

मागच्या वर्षी भस्म्या सात नरांच्या गटात चौथा आला. मी तुमच्याकडून घेतलेली काळी मखमली मादी, म्हणजे ब्लॅक व्हेल्व्हेट, या वर्षी दुसरी आली आणि माझ्या डोक्यात वारे शिरले. एका ओळखीच्यांकडे त्याच रंगाचा देखणा नर होता. तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर बसवून कागदावर चार चौकोन काढून दाखवलेत, की मखमलीचा मखमलीशी संबंध आला तर चारातला एक गर्भ दोन्हीकडून तोच जनुक घेतो आणि जगत नाही. पांढऱ्याचा पांढऱ्याशीही तसेच. मग करड्या नराचे विचारले, तर त्याच्या आजी-आजोबांच्या दातांची नोंद मागितलीत, आणि १११ दिवसांच्या गर्भारपणानंतर पिल्ले झाल्या झाल्या मादी पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा नराला वेगळे ठेवायला दुसरी थंड जागा आहे का, असे विचारलेत. नव्हती. अजूनही नाही. विषय तिथेच थांबला आहे, आणि या खेपेला मला राग आला नाही.

हे प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतात, म्हणून ‘लेक कॉलेजला गेल्यावर पिंजरा कोण साफ करणार?’ हा प्रश्न तुम्ही पहिल्या वर्षीच विचारला होता. परवा त्या तीन कुटुंबांपैकी एकाला मी तोच विचारला, तर नवराबायको एकमेकांकडे बघू लागले. त्यांना मी तापमापक दिला आहे. तुमचाच, तो जुना. जुलैनंतर ते फोन करतील किंवा करणार नाहीत.

प्रदर्शनासाठी नेलेले तुमचे चार पिंजरे धुऊन, वाळवून ठेवले आहेत. येत्या शनिवारी सकाळी घेऊन येते. आईने सोलापूरहून पाठवलेली शेंगाचटणीही सोबत आहे. काकूंना सांगून ठेवा, तुमच्या वाट्याला थोडीच येईल, डॉक्टरांनी तेल कमी सांगितले आहे हे मला ठाऊक आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
तळघरातली विद्यार्थिनी