प्रेक्षक मिळत नाहीत, जमवावे लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलींच्या खेळांना प्रेक्षक मिळत नाहीत, ही खंत आपल्या क्रीडापानावर अधूनमधून वाचायला मिळते. एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मी शारीरिक शिक्षण संचालक होते, त्यामुळे हे वाक्य मीही अनेकदा उच्चारलं आहे. ते वाक्य आता मला पटेनासं झालं आहे. त्याचं कारण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे माजी जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक ग्रेग मार्सडेन.

२०१४ च्या हिवाळ्यात मुलीकडे सॉल्ट लेक सिटीला गेले होते. बाहेर बर्फ पडत होता. जावई म्हणाले, ‘आई, तुमच्या आवडीचं काहीतरी दाखवतो,’ आणि युटा विद्यापीठाच्या हंट्समन सेंटरला घेऊन गेले. कॉलेजच्या मुलींची जिम्नॅस्टिक्सची साधी लढत, कसली अंतिम फेरी नाही की काही नाही. पार्किंगपासून दारापर्यंत माणसांची रीघ. पंधरा हजार माणसं बसतील असा तो गोल हॉल, आणि वरच्या रांगांपर्यंत सगळं लाल, युटाच्या संघाच्या रंगात. माझ्या शेजारी सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल. मुलगी बीमवरून, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या अरुंद पट्टीवरून, उतरली की त्या आधी स्वतःचे गुण लिहायच्या आणि मग फलकाकडे पाहायच्या. पुढच्या रांगेत केसांना लाल रिबिनी बांधलेल्या पाच-सहा वर्षांच्या चिमुरड्या होत्या. दहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या बीमवर मुलीने हात टेकले की सगळा हॉल श्वास रोखायचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायलाही मला सुचलं नाही.

घरी येऊन या संघाचे प्रशिक्षक मार्सडेन यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. मुलींना शिक्षणसंस्थांमध्ये समान संधी देणारा ‘टायटल नाइन’ कायदा अमेरिकेत १९७२ साली आला आणि विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करणं भाग पडलं. १९७५ मध्ये युटाने हे काम मार्सडेन यांच्यावर सोपवलं. तेव्हा ते तिथेच पुढचं शिक्षण घेत होते, नावाजलेले जिम्नॅस्ट वगैरे नव्हते. पण पहिल्या हंगामापासून त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरला आणि त्यांच्या चाळीस हंगामांत ही परंपरा एकदाही तुटली नाही. १९८१ पासून १९८६ पर्यंत सलग सहा राष्ट्रीय विजेतेपदं, पुढे १९९०, १९९२, १९९४ आणि १९९५. एकूण दहा. त्यानंतरची वीस वर्षं विजेतेपद हुलकावणी देत राहिलं. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की त्या वीस वर्षांतही हॉल रिकामा झाला नाही.

‘श्रीमंत देश आहे, त्यांना काय कमी,’ असं कोणी म्हणेल. पण पंचाहत्तर साली तिथेही मुलींचं जिम्नॅस्टिक्स बघायला कोणी रांगा लावत नव्हतं. प्रेक्षक आणणं हेही प्रशिक्षकाचंच काम, असं मार्सडेन यांनी मानलं आणि सरावाइतकंच ते चिकाटीने केलं. लढत म्हणजे नुसती गुणांची नोंद नाही, येणाऱ्या कुटुंबाची संध्याकाळ चांगली गेली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या शेवटच्या वर्षांत सरासरी चौदा हजारांच्या घरात माणसं येत होती. कॉलेजच्या सगळ्या महिला खेळांमध्ये प्रेक्षकसंख्येत युटाच्या जिम्नॅस्टिक्सचा कित्येकदा पहिला नंबर लागला आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये फोर्ट वर्थला राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली. फ्लोरिडा १९७.८५०, युटा १९७.८००. जमिनीवर उतरताना छोटीशी उडी पडली तरी एक दशांशापर्यंत गुण जातो, हा फरक त्याच्याही निम्मा! काही दिवसांतच मार्सडेन निवृत्त झाले. संघ त्यांच्या पत्नी मेगन यांनी पुढे नेला. त्या युटाच्याच माजी खेळाडू, विद्यार्थिदशेत दोनदा राष्ट्रीय सर्वांगीण (सगळ्या प्रकारांचे गुण मिळून) विजेत्या, आणि शेवटच्या काही हंगामांत पतीच्या बरोबरीने मुख्य प्रशिक्षक.

आता माझं. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कामाच्या दिवशी सकाळी आठला सुरू व्हायच्या. मॅट दुसरीकडून टेम्पोत घालून आणायच्या, दुपारी परीक्षेसाठी हॉल हवा म्हणून घाईघाईने उचलायच्या. एकदा फ्लोअरवर, म्हणजे संगीतावर मॅटवर करायच्या कसरतींत, एका मुलीचं संगीत सुरू होतं आणि मागे शिपाई बाकं ओढत होते. तिने आपला संच पूर्ण केला, वाकून नमस्कार केला. समोर तिची आई, मी आणि पंच. मी प्राचार्यांकडे तक्रार केली, पण संध्याकाळची वेळ मागावी, शाळाशाळांत जाऊन मुलींना बोलावावं, गावात चार फलक लावावेत, हे मला एकदाही सुचलं नाही. त्या मुलीची मी अपराधी आहे.

आपल्या लोकांना हे बघायला आवडत नाही, असं मुळीच नाही. दोरीच्या मल्लखांबावर मुली चढल्या की गणपतीच्या मांडवासमोर माणसं उभ्याने बघतात. ऑगस्ट २०१६ मध्ये दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावरून झेप घेण्याच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत उतरली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी जिम्नॅस्टिक्स पाहिलं नव्हतं तेही रात्री जागे होते. तिचं कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या गाडीवरही तोच विषय होता.

म्हणून एक विनंती. मुलींच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धांचे निकाल आपण छापता, त्याबद्दल आभार. पण निकाल वाचून कोणाला जाता येत नाही. यंदापासून स्पर्धेच्या दोन दिवस आधी, शहराच्या पानावर, ठिकाण आणि वेळ एवढ्या दोन ओळी छापाल का? आयोजकांकडून माहिती आणून आपल्या कार्यालयात पोहोचवायची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक