कुंपणामागची वाट

पोर्टलंडजवळ, ओरेगॉन
१६ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे आणि खोकला पूर्ण गेला आहे. पावसाळा सुरू झाला असला तरी चांगले बूट घेतले आहेत, आणि ओढ्याकाठी मोजणीला मी एकटी कधीच जात नाही, सोबत सर्व्हेअर असतो, हे आईने पक्के लक्षात ठेवावे.

बाबा, एवढे शिकून पायवाटा कसल्या आखतेस, असे तुम्ही विचारलेत. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इथे शेतजमिनीवर नवी वसाहत होते तेव्हा पुष्कळदा रस्ते बंद गल्लीसारखे आखलेले असतात. एका वसाहतीत शाळेचे मैदान मागच्या कुंपणावरून दिसते, मधल्या सुट्टीची घंटाही ऐकू येते. तरी तिथे पोचायला दीड मैलाचा वळसा पडतो आणि आया मुलांना मोटारीने सोडतात. बडोद्यात आपण कारेलीबागेतून गल्लीबोळांनी कमाटीबागेत चालत जायचो, तसे इथे जाताच येत नाही. म्हणून प्लॉट विकले जाण्याआधीच दोन कुंपणांमधून दहा फुटांची वाट नकाशावर नोंदवून घ्यावी लागते. पुष्कळदा जमीन मालकाचीच राहते आणि लोकांना त्यावरून जाण्याचा हक्क तेवढा मिळतो. आपल्याकडे वहिवाट चालून चालून पडते, इथे ती कोणी पाऊल टाकण्याआधी कागदावर येते. एकदा कुंपणे उभी राहिली की प्रत्येक घरमालकाचे मन वळवावे लागते आणि वाट कायमची राहून जाते. त्यामुळे हे काम मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

वाट मागायची तरी किती, यालाही बंधन आहे. जवळच्याच टायगर्ड गावात एका मालकिणीने दुकान वाढवण्याची परवानगी मागितली, तेव्हा नगरपालिकेने तिच्याकडे ओढ्याकाठची पट्टी मागितली. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की बांधकामामुळे जेवढा भार वाढतो त्याच्या साधारण प्रमाणातच जमीन मागता येईल आणि ते प्रमाण नगरपालिकेने दाखवले पाहिजे. ती मोजदाद मी करते. नगररचनेच्या टीपी स्कीममध्ये आपला भायलीचा प्लॉट कापला गेला, तेव्हा तुम्हीही हेच विचारत होतात, की एवढीच का आणि इतकी का.

गेल्या आठवड्यात आम्ही खुंट्या ठोकून गुलाबी फिती बांधत असताना शेजारच्या जुन्या घरातले आजोबा बाहेर आले. त्यांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात नेऊन सिंकपाशी उभे केले आणि येणारेजाणारे इथून थेट आत बघतील, असे सांगितले. त्यांचे खरेच होते. आम्ही वाट आठ फूट ओढ्याकडे सरकवली आणि मध्ये झुडपे लावण्याची अट बिल्डरच्या नकाशावर लिहिली.

ओढ्याच्या पुराचे म्हणाल, तर पूरपट्ट्यात घर बांधायचे नाही म्हणूनच तिथे वाट काढतात. दोन दिवस पाण्याखाली गेली तरी गाळ काढून ती पुन्हा सुरू होते. हे लिहिताना २०२४ चा ऑगस्ट आठवतो. विश्वामित्रीचे पाणी घरात शिरले, तुम्ही दोघांनी दोन रात्री वरच्या खोलीत काढल्या, आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. तेव्हा येता आले नाही, याबद्दल मी कधी नीट बोलले नाही.

भिंतींच्या ओलीच्या कामासाठी दीड लाख रुपये बाबांच्या खात्यावर पाठवले आहेत. ते मुदतठेवीत न टाकता कामालाच लावावेत. पुण्याच्या आत्यांनी सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही, आईने नकार असल्याचे त्यांना कळवू नये. भेटून ठरवीन, एवढेच म्हणाले होते. दादाच्या केळवणांना मात्र मला पोचता येणार नाही, कारण त्याच आठवड्यात शाळेच्या वाटेची सुनावणी आहे आणि ती मीच मांडायची आहे. सीमांतपूजनाच्या आदल्या रात्री मी घरी असेन, तिकीट काढले आहे. करवली मीच, तो मान चुलत बहिणींपैकी कोणाला देऊ नये.

तुमची,
मनू